कहाणी मागू नका, मत विचारा

ताई,

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात आहे. त्याआधी बरीच वर्षं नर्स होते. आमच्याकडे नुकतीच रुग्ण सल्लागार समिती सुरू झाली. अतिदक्षता विभागात राहून गेलेले रुग्ण आणि काही नातेवाईक असे सात जण आहेत, समन्वयाचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या बैठकीत मी सुरुवातीलाच म्हटलं, 'ओळख करून देताना तुमच्या बाबतीत काय घडलं ते थोडक्यात सांगा.' चौथी पाळी एका बाईंची होती. त्या व्हेंटिलेटरवर होत्या. हात बांधलेले होते, मी नको नको म्हणून मान हलवत होते, कुणी बघत नव्हतं, रात्री कुणीतरी मला मारायला यायचं, असं त्या सांगत होत्या. आमचे विभागप्रमुख मध्येच म्हणाले, 'नळी ओढू नये म्हणून हात बांधावे लागतात, आणि तुमच्या केस पेपरवर तसं काही नोंदलेलं नाही.' बाई गप्प झाल्या. हात थरथरायला लागले, धाप लागली, पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या. तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीत.

वरिष्ठ म्हणतात, यापुढे 'मनाने खंबीर' माणसंच घ्या आणि समुपदेशकाचा दाखला मागा. समुपदेशक म्हणतात, उरलेल्या सहा जणांना बोलावून त्या प्रसंगावर एकदा सगळ्यांना मोकळं करून घेऊ. प्रशिक्षण विभागाला बैठकीचं रेकॉर्डिंग नव्या नर्सेसना दाखवायचं आहे. म्हणतात, इतकं परिणामकारक दुसरं काही मिळणार नाही. त्रास द्यायचा हेतू कुणाचाच नव्हता. मग कुठे चुकलं? त्या बाईंशी आता कसं बोलू? की समितीच बंद करावी? मला हल्ली त्यांचे ते थरथरणारे हात स्वप्नात दिसतात, पण ते असो.

– एक समन्वयक

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: समिती बंद करू नका. आणि हे उत्तर पूर्ण वाचायच्या आधी एक काम उरका. त्या रेकॉर्डिंगच्या प्रती कुणाकुणाकडे गेल्या आहेत ते शोधा, त्या परत घ्या, एकच प्रत कुलपात ठेवा. घाबरून पुसूनही टाकू नका. त्याचं काय करायचं हे ठरवायचा हक्क ज्यांचा आहे, त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही.

आता कुठे चुकलं ते पाहू. पत्राच्या सुरावरून दिसतं की विभागप्रमुख बोलले तिथे बिनसलं असं तुम्हाला वाटतंय. ते बोलले ते वाईटच होतं, त्यावर येतेच. पण बिनसायला त्याआधीच सुरुवात झाली होती, तुमच्या पहिल्या वाक्यापाशी. 'काय घडलं ते थोडक्यात सांगा' हे विचारायला किती सोपं! पण त्या खुर्चीवर बसून ऐकून पाहा. आधीच्या तिघांनी सांगून टाकलंय. समोर बसलेल्या डॉक्टरांकडे कदाचित पुढच्या महिन्यात तपासणीला जायचं आहे. कॅमेरा चालू आहे. सगळे आपल्याकडे बघताहेत. अशा वेळी 'मला नाही सांगायचं' म्हणायला केवढा धीर लागेल? न सांगण्याची मुभा तुम्ही काढून घेतली नव्हती, हे मान्य. पण ती आहे असं कुणी सांगितलंही नव्हतं. त्यामुळे समितीत बसायचं तर आधी आपली जखम उघडून दाखवायची, असा नियमच तिथे नकळत होऊन बसला.

आणि त्या जखमेची तुम्हाला गरजही नव्हती. समिती कशासाठी नेमली होती? अतिदक्षता विभागाचं काम सुधारावं म्हणून. त्यासाठी या सात जणांकडून काय हवं? रात्री कुठले आवाज असह्य होतात, नळी असताना रुग्णाने होकार-नकार कसा कळवायचा, हात बांधण्याआधी आणि सोडताना रुग्णाला काय सांगायचं, बाहेर थांबलेल्या नातेवाइकाला बातमी कुणी आणि केव्हा द्यायची, याबद्दलची त्यांची मतं. 'नळी असलेल्या प्रत्येक रुग्णाजवळ अक्षरांची आणि चित्रांची पाटी हवी' हे त्या बाई ठामपणे सांगू शकल्या असत्या, आपल्या त्या रात्रींबद्दल चकार शब्द न काढता. त्यांचा अनुभव त्या मतामागे उभा असतोच. तो दर वेळी मंचावर आणून दाखवायची सक्ती का? डॉक्टरांना आपण हातमोज्यांच्या धोरणावर मत विचारतो, तेव्हा आधी त्यांच्या हातून दगावलेल्या रुग्णाबद्दल बोलायला लावतो का?

या सगळ्या उत्तरातून तुम्ही एकच गोष्ट घ्यायची ठरवलीत तर ही घ्या: किती सांगायचं, केव्हा, कुणासमोर, की सांगायचंच नाही, हे रुग्णाच्या हातात राहिलं पाहिजे. रुग्णालयाने विचारायचं ते मत.

आता विभागप्रमुख. त्यांना तुमच्याइतकंच ठाऊक असणार की अतिदक्षता विभागातल्या पुष्कळ रुग्णांना, विशेषतः व्हेंटिलेटरवरच्या, डिलिरियम होतो, म्हणजे भान गोंधळून भ्रम व्हायला लागतात. औषधं, संसर्ग, झोपेचा बोजवारा, सगळ्याचा मिळून. त्या भ्रमात परिचारिका मारेकरी वाटते, सलाइनची नळी साप वाटते. पुढे आठवणीत या गोष्टी पुसट होत नाहीत; उलट प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींपेक्षा अधिक ठसठशीत राहतात. हात खरेच बांधलेले होते. रात्री मारायला येणारा खरा नव्हता. पण त्या बाईंच्या आठवणीत या दोन्ही गोष्टी एकाच विणीत गुंतलेल्या आहेत, आणि भीती तर शंभर टक्के खरी होती. अतिदक्षतेतून वाचलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला पुढे आघातोत्तर तणावाची लक्षणं दिसतात असं वेगवेगळ्या अभ्यासांतून पुढे आलं आहे, आणि शरीर, स्मरणशक्ती, मन या तिन्हींवर मागे राहणाऱ्या परिणामांना २०१२ पासून वैद्यकीय साहित्यात स्वतंत्र नावही आहे. तेव्हा केस पेपरवर नाही म्हणून घडलं नाही, हे विधान वैद्यकीयदृष्ट्याही लंगडं आहे. केस पेपर रुग्ण लिहीत नाही.

त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. त्या बाई काय सांगत होत्या ते पुन्हा वाचा: मी नको म्हणत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. हे सांगत असतानाच त्यांना मध्येच तोडलं गेलं. तेच रुग्णालय, पुन्हा पांढरा कोट, पुन्हा त्यांचं म्हणणं ग्राह्य नाही. जुना प्रसंग नुसता आठवला असता तर कदाचित त्यांनी पाणी पिऊन पुढे सांगितलं असतं. इथे त्याच प्रसंगाचा साचा त्यांच्यासमोर पुन्हा उभा राहिला. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रायड यांनी मांडलेली एक कल्पना इथे चपखल बसते: ज्या संस्थेच्या भरवशावर माणूस असतो, तीच संस्था त्याला नाकारते, खोटं ठरवते किंवा गप्प करते, तेव्हा मूळ आघातावर दुसरा आघात बसतो, संस्थेने केलेल्या विश्वासघाताचा. हेतू चांगला असला तरी हे घडतं. तुमच्या पत्रातलं 'हेतू नव्हता' हे वाक्य म्हणून बाजूला ठेवा. त्या बाईंना पाठवायच्या कुठल्याही मजकुरात तर ते अजिबात घालू नका.

थरथर आणि धाप पाहून तुम्ही सगळे घाबरलात, साहजिक आहे. पण धोका आला असं शरीराने ठरवलं की ते असंच वागतं. त्यात खंबीर-नाजूक असा भाग नाही. आणि निघून जाण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. त्या बैठकीत त्या बाईंनी सर्वस्वी स्वतः घेतलेला निर्णय तो एकच होता. तो त्यांनी वेळेवर घेतला. त्यांना कुणी दार अडवून 'बसा, पाणी घ्या, शांत व्हा' म्हटलं नाही ना? तुम्ही तसं लिहिलेलं नाही, म्हणून धरून चालते की नाही.

विभागप्रमुखांना बोलायचं कसं हे शिकवावं लागेल, आणि ते तुमच्या पदाला जड जाईल हेही कळतं. त्यांच्याशी बैठकीबाहेर, एकट्याने बोला. डॉक्टरला रुग्णाचा अनुभव तक्रारीसारखा ऐकू येतो आणि तक्रारीला उत्तर द्यायची त्याला सवय असते. त्यांना इतकंच सांगा की या बैठकीत स्पष्टीकरण मागितलं तरच द्यायचं. कुणी काही सांगितलं तर 'हे आम्हाला कळायला हवं होतं, सांगितलंत ते बरं केलंत' एवढ्यावर थांबायचं. हात बांधण्याची वैद्यकीय कारणं त्यांना मांडायची असतील तर अजेंड्यावर तसा विषय घ्या, सदस्यांना आधी कळवा, मग मांडू द्या. ते जमत नसेल तर विभागातर्फे दुसरं कुणीतरी येऊ दे. पद मोठं आहे म्हणून खुर्ची मिळालीच पाहिजे असं नाही.

वरिष्ठांच्या 'खंबीर माणसं' या कल्पनेवर मात्र मला सविस्तर भांडायचं आहे. तुम्ही नर्स होतात, तुम्हाला हे पटकन कळेल. एचआयव्हीच्या साथीनंतर, १९८० च्या दशकात, सार्वत्रिक खबरदारीचा नियम आला. कुणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून प्रत्येकाच्या बाबतीत हातमोजे. आघाताच्या बाबतीत तीच रीत धरायची. फेलिटी आणि अँडा यांच्या १९९८ च्या गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात हजारो प्रौढांना बालपणातल्या छळाबद्दल आणि घरातल्या बिघाडाबद्दल विचारलं होतं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी निदान एक तरी असा अनुभव नोंदवला. ही विमा असलेली, तपासणीला स्वतःहून येणारी सर्वसाधारण माणसं होती. तेव्हा दाखला मागून आघात नसलेली माणसं वेगळी काढता येतील ही समजूतच चुकीची आहे. फार तर आघात लपवण्यात पटाईत असलेली माणसं मिळतील.

शिवाय अशा चाळणीतून नेमके कोण गळतील? ज्यांना तुमच्याकडे सर्वांत वाईट अनुभव आला ते. मग उरलेल्या गुळमुळीत समितीला घेऊन सुधारणा कशाची करणार?

दाखल्याची आणखी एक गोम आहे. शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी बाईंनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. ती शहरांच्या योजनांसाठी होती, पण आरोग्यसेवेतही आज तिचा दाखला देतात. त्या शिडीची खालून दुसरी पायरी आहे 'उपचार'. म्हणजे लोकांना सहभागासाठी म्हणून बोलवायचं आणि प्रत्यक्षात त्यांनाच दुरुस्त करायला बसायचं. बदलायला हवी होती संस्था. आणि तपासणी होते ती माणसांची. ही पायरी अर्नस्टाइन सहभागात मोजतच नाहीत. समिती सदस्याकडून मानसिक तंदुरुस्तीचा दाखला मागणं म्हणजे थेट तिथे जाऊन उभं राहणं. वरिष्ठांना शिडीचं चित्रच दाखवा. चित्र दाखवलं की वरिष्ठ कधी कधी ऐकतात.

याचा अर्थ काहीच विचारायचं नाही असा घेऊ नका. प्रत्येकाला, अगदी सगळ्यांना, बैठकीआधी खाजगीत विचारा: तुम्हाला इथे बसणं सोपं जावं म्हणून आम्ही काय करावं? कुठला विषय नको आहे का? मध्येच त्रास झाला तर तुम्हाला काय आवडेल, कुणी जवळ यावं की एकटं सोडावं? कारण विचारायचं नाही. उत्तर कोऱ्या कागदासारखं आलं तरी चालेल.

समुपदेशकांचा 'मोकळं करून घेऊ'चा बेत नम्रपणे नाकारा. मोठ्या दुर्घटनेनंतर लोकांना एकदा बसवून सगळं बोलायला लावायचं, ही पद्धत एकेकाळी फार बोकाळली होती. २००२ मधल्या कॉक्रेन पुनरावलोकनात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या आढाव्यात, असं दिसलं की या एका बैठकीने पुढचा आघातोत्तर ताण टळत नाही, काहींना उलट अपायच होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना आता अशा प्रसंगी मानसिक प्रथमोपचार सुचवते: सुरक्षितता पाहा, गरज विचारा, ऐका, माणसाला त्याच्या आधाराच्या लोकांशी जोडून द्या आणि बोलायची जबरदस्ती करू नका. तुमची बैठक काही दुर्घटना नव्हती, त्यामुळे ही तुलना ताणायची नाही. पण ज्या गोष्टीमुळे हे घडलं तिचीच, म्हणजे घोळक्यात बसवून बोलायला लावण्याची, पुनरावृत्ती कशाला? त्या सहा जणांना तुम्ही स्वतः एकेकाला फोन करा. 'त्या दिवशी जे झालं ते तुम्हालाही पाहावं लागलं. आमची रीत चुकली, ती बदलतोय. तुम्हाला काही सांगायचं असेल तर मी आहे' इतकं पुरे. समुपदेशकांचा नंबर द्या, तो वापरायचा की नाही ते त्यांचं ते बघतील. आणि हो, निघून गेलेल्या बाईंबद्दल त्यांना कसलीही माहिती देऊ नका, काळजीपोटी विचारलं तरीही.

आता त्या बाई. त्यांना फोन करणं थांबवा. फोन न उचलणं हे उत्तरच आहे, आणि 'नको' म्हटलेलं कुणी ऐकत नाही हेच तर त्यांचं दुःख होतं. एकदाच, लेखी, छोटा मजकूर पाठवा. रुग्णालयाच्या लेटरहेडवरून नको, तुमच्या नावाने. मी असा लिहीन:

'नमस्कार. मी समितीची समन्वयक. त्या बैठकीत मी आधी कल्पना न देता सगळ्यांसमोर अनुभव सांगायला लावला, तो माझा निर्णय चुकीचा होता. तुम्ही बोलत असताना तुम्हाला थांबवलं गेलं आणि तुमच्या सांगण्यावर शंका घेतली गेली, तेही चुकीचं होतं. मी तेव्हा मध्ये पडायला हवं होतं. त्याबद्दल माफी मागते. बैठकीचं रेकॉर्डिंग मी कुलपात ठेवलं आहे, ते कुणाला दाखवलं जाणार नाही. तुमचा भाग पुसावा का, तुम्हाला प्रत हवी का, हे तुम्ही म्हणाल तसं होईल. समितीतली तुमची जागा तुमचीच आहे. यायचं असेल तर केव्हाही या, नसेल यायचं तर कारण द्यायची गरज नाही. तुमच्या उपचारांवर याचा काही परिणाम होणार नाही. या पत्राला उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, मी पुन्हा संपर्क करणार नाही.'

यात 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' हा शब्दप्रयोग नाही, तो मुद्दाम टाळला आहे. 'असेल तर' लावलं की माफी समोरच्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. कुणाचं नाव घेऊन विभागप्रमुखांवरही खापर फोडलेलं नाही, कारण बैठक तुमच्या संस्थेची होती. उपचारांवर परिणाम होणार नाही हे वाक्य मात्र गाळू नका. तुम्हाला ते उघड वाटेल. ज्याला पुन्हा त्याच दारातून आत यायचं आहे त्याला ते उघड नसतं. आणि हे वाक्य लिहिण्याआधी ते खरं आहे याची खात्री करा, म्हणजे त्या प्रसंगाची नोंद त्यांच्या केस पेपरवर कुणी 'रुग्ण भावनिकदृष्ट्या अस्थिर' वगैरे करून ठेवलेली नाही ना, ते पाहा. अशा नोंदी पुढे वर्षानुवर्षं माणसाच्या मागे लागतात. पुन्हा संपर्क न करण्याला अपवाद एकच: जिवाला धोका आहे असं काही त्या बोलल्या असतील, तर पत्रावर थांबायचं नाही, तुमच्याकडच्या मानसोपचार तज्ज्ञांना ताबडतोब सांगायचं.

प्रशिक्षण विभागाच्या मागणीला उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते तुम्ही एका ओळीत देऊ शकता. बैठकीला बसताना त्या बाईंनी कन्सेंट फॉर्मवर सही केली असेलही. पण ती सही बैठकीच्या इतिवृत्तासाठी होती. आपल्या आयुष्यातला सर्वांत असहाय क्षण अनोळखी लोकांना वर्गात दाखवायला नव्हती. 'परिणामकारक आहे' हा युक्तिवाद मला तर अंगावर काटा आणतो. परिणाम नर्सेसवर, किंमत त्या बाईंची. नव्या नर्सेसना शिकवायचंच असेल तर ज्याला शिकवायची इच्छा आहे अशा माजी रुग्णाला विचारा, काय बोलायचं ते त्याला ठरवू द्या, बोलण्याआधी आणि नंतर संमती मागे घ्यायची मुभा द्या, शिकवण्याचे पैसे द्या.

पुढची बैठक. अमेरिकेतल्या मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या सरकारी यंत्रणेने २०१४ मध्ये आघाताचं भान ठेवून काम करण्याची सहा तत्त्वं मांडली. सुरक्षितता, पारदर्शकता, समदुःखींचा आधार, बरोबरीने काम, माणसाचा आवाज आणि त्याची निवड, आणि संस्कृती-लिंगभाव-इतिहासाचं भान. भिंतीवर लावायला छान आहेत. पण बैठकीत ती दिसतात ती फार बारीकसारीक गोष्टींत, म्हणून मी तिथेच रेंगाळते.

जागा बदला. तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा बैठका बहुधा रुग्णालयाच्याच सभागृहात होतात, कधी त्याच मजल्यावर. मॉनिटरचा आवाज आणि जंतुनाशकाचा वास जिथे येत नाही अशी खोली शोधा. शक्य असेल तर रुग्णालयाबाहेर. सदस्यांना कुठे बसायचं ते स्वतः निवडू द्या, आणि दाराकडे जायचा रस्ता मोकळा ठेवा. पाठ दाराकडे करून बसणं काहींना असह्य होतं. गळ्यात ओळखपत्र आणि अंगात कोट घालून कुणीही येऊ नये. कर्मचाऱ्यांची संख्या रुग्णांपेक्षा जास्त नको. टेबलाच्या एका बाजूला 'डॉक्टर अमुक' आणि दुसऱ्या बाजूला नुसती नावं, असं नको. सगळ्यांच्या पाट्या सारख्या करा.

अजेंडा आठवडाभर आधी जाऊ दे, आणि त्यात विषयांच्या नावांसोबत प्रत्यक्ष विचारणार असलेले प्रश्नही असू देत. अनपेक्षित प्रश्न हा आघात झालेल्या माणसाचा शत्रू आहे. हात बांधण्याचा विषय असेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे कुणाला तेवढ्यापुरतं बाहेर थांबायचं असेल तर ते आधी ठरवता येईल. ओळख करून देताना नाव आणि 'या विभागात एक गोष्ट बदलायची तर कुठली?' एवढंच विचारा. 'पुढे जाऊ या' एवढं म्हणून कुणीही आपली पाळी सोडू शकतो हे तुम्ही सुरुवातीला तोंडाने सांगा, आणि मग तुमच्यातल्याच एखाद्या कर्मचाऱ्याने पहिल्या फेरीत आपली पाळी खरोखर सोडून दाखवावी. नुसतं सांगितल्याने ती मुभा खरी वाटत नाही.

बैठक चालवणारी व्यक्ती आणि माणसांकडे लक्ष ठेवणारी व्यक्ती वेगळी ठेवा. दोन्ही कामं तुम्ही एकटीने केलीत, म्हणूनही त्या दिवशी तुम्ही गोठलात. कुणी बाहेर गेलं तर दुसऱ्या व्यक्तीने थोड्या अंतराने जायचं, 'मी इथे बसते, लागलं तर सांगा' म्हणायचं आणि गप्प बसायचं. सदस्यांना सोबत कुणाला आणायचं असेल तर आणू द्या. समदुःखींचा आधार म्हणतात तो असाच उभा राहतो: एकाच प्रकारच्या अनुभवाचे निदान दोघे तरी समितीत असावेत, एकट्याने सगळ्या रुग्णांचं प्रतिनिधित्व करायचं ओझं फार जड असतं.

मानधन आणि प्रवासखर्च द्या, मागायला न लावता. यावर जास्त बोलायला हवं असं मला वाटत नाही. बैठकीतल्या बाकी सगळ्यांना त्या तासांचा पगार मिळतोच.

आणि जे सुचवलं गेलं त्याचं काय झालं हे लेखी कळवा. 'पाटी दिली', 'रात्रीचे दिवे मंद केले', 'हे जमलं नाही, कारण असं असं'. नकारसुद्धा चालतो, माणसं समजूतदार असतात. शांतता चालत नाही. आपण जीव ओतून सांगितलं आणि ते फायलीत गेलं, हा अनुभव पुष्कळ रुग्णांना आजाराहून जास्त कडू वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या रुग्ण सुरक्षा दिनासाठी रुग्णांचा सहभाग हाच विषय घेतला होता. त्यानंतर समित्या पुष्कळ निघाल्या असतील, पण समिती निघणं आणि समितीचं ऐकलं जाणं यांत अंतर आहे.

हे सगळं वाचून तुम्ही आता प्रत्येकाशी काचेच्या भांड्यासारखं वागायला लागाल, अशीही मला धास्ती आहे. तसं करू नका. आघातावरच्या संशोधनात भाग घेतलेल्या लोकांना नंतर विचारलं तर बहुतेक जण म्हणतात की थोडा त्रास झाला, पण सहभागाचा पश्चात्ताप नाही. ज्याला आपली गोष्ट सांगायची आहे त्याला सांगू द्या; आधी कळवून, त्याच्या गतीने, आणि ऐकून घेतलं जाईल अशा खोलीत. समितीत कुणी तावातावाने बोललं, चिडलं, भांडलं, तर त्याला आघाताचं लक्षण ठरवून मान हलवू नका. कदाचित त्याचं म्हणणं बरोबर असेल.

राहता राहिलं ते 'पण ते असो'. ते असं सोडू नका. तुम्ही बरीच वर्षं नर्स होतात. कुणाचे तरी हात तुम्हीही बांधले असतील, नियमाप्रमाणे, रुग्णाच्या भल्यासाठी, पाळीवर माणसं कमी असताना. त्या बाईंचं ऐकताना तुम्हाला पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूने ते दिसलं असेल. मी अंदाज करते आहे, चुकत असेन तर सोडून द्या. इतरांचे आघात ऐकणाऱ्याच्या मनावर त्यांचा ठसा उमटतो, हे मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलं, आणि समन्वयकाच्या कामात तर हे ऐकणं रोजचं आहे. त्यामुळे दर बैठकीनंतर ज्याच्याशी तुम्ही बोलू शकाल अशा माणसाची मागणी तुम्ही समितीच्या खर्चात लेखी टाका, स्वतःसाठी वेगळी विनवणी म्हणून नको. स्वप्नं महिन्याहून जास्त टिकली, किंवा वॉर्डात पाऊल टाकणं जड जायला लागलं, तर मानसोपचार तज्ज्ञांची वेळ घ्या. तुमच्या रुग्णालयातले समुपदेशक वरिष्ठांना उत्तर देतात, दाखल्याचंही त्यांच्याकडेच सोपवायचं घाटतंय. तेव्हा तुमच्यासाठी बाहेरचं कुणीतरी पाहा.